मथळ्यातला भामटा

‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्यांनी वृद्धेचे दागिने लांबवले.’ या वळणाची बातमी मराठी दैनिकात आली नाही, असा आठवडा क्वचितच जातो. अलीकडे त्यात ‘सायबर भामट्या’ची भर पडली आहे. वीजबिल थकल्याचा मेसेज पाठवून, केवायसीच्या नावाखाली किंवा डिजिटल अटकेची भीती घालून तो पैसे उकळतो. उपसंपादकाला हा शब्द सोयीचा वाटतो. तीन अक्षरांचा आहे, एका स्तंभाच्या मथळ्यात बसतो आणि अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हाच शब्द आणखी एका जागी सापडतो, तो म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत. या यादीत १४ जाती आहेत आणि त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद. सकाळी मथळ्यात ज्या शब्दाचा अर्थ ‘लुबाडणारा’ असतो, तोच शब्द दुपारी एखाद्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर सहीशिक्क्यासह असतो. जातीवरून शिवी आली की शिवीवरून जातीचे नाव पडले, यावर भाषेचे अभ्यासक वाद घालू शकतात. दाखला हातात घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला त्या वादाचा काहीच उपयोग नाही.

माध्यमे समाजाची ओळख घडवतात, असे आपण मोघमपणे बोलत असतो. ही ओळख नेमकी कुठल्या टेबलावर, कुठल्या शब्दाने आणि किती वाजता घडते, हे पाहायचे असेल तर गुन्हेवृत्तासारखी दुसरी जागा नाही. विमुक्तांच्या कपाळावरचा ‘गुन्हेगार’ हा शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला. आपली वर्तमानपत्रे आणि आता वृत्तवाहिन्याही तो रोज नव्याने उमटवत आहेत. तो थांबवायला नवा कायदा लागत नाही. संपादकाचा एक पानी आदेश पुरतो.

हा शिक्का आला कुठून, ते थोडक्यात सांगायला हवे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखादी जमातच्या जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार सरकारला दिला. आधी तो उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातल्या जमातीही त्याच्या कक्षेत आल्या आणि १९२४ मध्ये सगळी कलमे एकत्र करण्यात आली. या कायद्याखाली नाव नोंदवलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर पास काढावा लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यासाठी त्या माणसाने गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द जन्माला आला. त्यानंतर राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. आपल्याकडचा १९५९चा आहे. त्यात जमात नाही, व्यक्ती आहे, आणि सराईत ठरायला न्यायालयाने दिलेल्या शिक्षा लागतात, नुसते दाखल गुन्हे चालत नाहीत. वर्तमानपत्रात मात्र ‘सराईत’ हा शब्द ज्याच्यावर दोन-तीन गुन्हे दाखल आहेत अशा कुणालाही लागतो. कायद्याने व्यक्तीपुरता केलेला शब्द बातमीने पुन्हा वस्तीला लावला.

गुन्ह्याची बातमी कशी तयार होते ते पाहिले की हे कुठे घडते ते कळते. जिल्ह्याच्या गावी बहुतेक वेळा सुरुवात होते ती पोलिसांच्या प्रेसनोटने. ती पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. सोबत फोटो असतो: खाली बसवलेले, तोंडावर कापड बांधलेले आरोपी, मागे उभे पथक, पुढे मांडलेला मुद्देमाल. मजकूर ठरलेला असतो. ‘गोपनीय बातमीदारामार्फत माहिती मिळाली’, ‘सापळा रचला’, ‘अंधाराचा फायदा घेऊन दोघे पसार झाले’. शेवटी कारवाई करणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची नावांची रांग. आरोपीच्या नावापुढे वय आणि ‘रा.’ इतकेच. जात आत शिरते ती या ‘रा.’नंतर. कधी ती सरळ कंसात असते, कधी ‘टोळी’चे विशेषण होते, पण बरेचदा पत्त्यातून येते. रा. पारधी वस्ती. रा. कैकाडी गल्ली. विदर्भात, रा. पारधी बेडा. बातमीदार प्रामाणिकपणे म्हणू शकतो की जात आम्ही लिहिलीच नाही. वाचकाला मात्र ती पहिल्या ओळीतच कळलेली असते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. गुन्ह्याच्या बातमीत जुनीच नावे चालू राहिली, तर त्या निर्णयाला अर्थ उरत नाही.

तालुक्याचा वार्ताहर हा मजकूर जवळपास जसाच्या तसा पुढे पाठवतो, यात निव्वळ आळस पाहणे अन्यायाचे ठरेल. त्याचे मानधन तुटपुंजे असते, डोक्यावर जाहिरातींचे उद्दिष्ट असते आणि उद्याच्या बातमीसाठी त्याला त्याच ठाण्यात जायचे असते. आरोपीची बाजू विचारायची तर तो कोठडीत. त्याच्या पालावर जायला ना वेळ ना गाडीचे पैसे. रात्री पाने लावणाऱ्या उपसंपादकापुढे एकाच सुमारास अशा कितीतरी बातम्या येतात. म्हणून दुरुस्ती वार्ताहराच्या सद्सद्विवेकावर सोडून चालत नाही. ती कार्यालयाच्या नियमात असायला हवी.

पारधी समाजातली आडनावे बघा: भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे. हीच आडनावे गावच्या पाटलाची, शाळेतल्या गुरुजींची आणि खुद्द बातमी वाचणाऱ्याचीही असतात. नुसते ‘पवार व काळे यांना अटक’ असे छापले तर वाचकाला हे लोक कुणीही असू शकतात, अगदी आपलेही. ‘पारधी टोळीतील’ हे दोन शब्द जोडले की गोंधळ मिटतो. आरोपी ‘आपल्यातला’ नाही, याची ग्वाही वाचकाला मिळते. इथे एका वाक्यात दोन समूहांची ओळख घडते. पारध्याला कळते की तो जन्मजात संशयित आहे, आणि बाकीच्यांना कळते की ते जन्मजात सभ्य आहेत. माझ्या मते दुसरा परिणाम पहिल्याइतकाच घातक आहे, कारण त्याची जाणीव कुणालाच होत नाही. पतसंस्था बुडवणाऱ्या संचालकांच्या बातमीत ‘अमुक जातीची टोळी’ असे कधी वाचलेले आठवते का? तिथे आकडा कोटींत असतो, आरोपी पाचाहून जास्त असतात, कट आधी शिजलेला असतो. तरी ते ‘संचालक मंडळ’ असते.

पाच हा आकडा उगीच आलेला नाही. कायद्याच्या व्याख्येत दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात. चार असली तर ती जबरी चोरी. दरोड्याची तयारी करणे आणि त्यासाठी जमणे हेही स्वतंत्र गुन्हे आहेत. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ हा ओळखीचा मथळा इथून निघतो. जप्तीची यादीही पाठ झाली आहे: कटावणी, मिरचीपूड, दोरी, कोयता, एखादी मोटारसायकल. अशा खटल्यात दरोडा पडलेला नसतो, लुटलेला माणूस नसतो आणि फिर्यादी बहुधा स्वतः पोलीसच असतात. सगळा भार जप्तीवर आणि पंचांवर. पोलिसांचे म्हणणे खरे असू शकते. पण पोलिसांचे म्हणणे आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतला फरक जिथे सर्वांत जास्त जपायचा, तिथेच मथळ्यात ‘कथित’ किंवा ‘संशयित’ हा शब्द नसतो. पुढे ती माणसे सुटली तर ती बातमी येत नाही. सुटकेची प्रेसनोट कोण काढणार?

या बातम्यांचा साठा वर्षानुवर्षे वाढत जातो आणि रोजच्या व्यवहारात वापरला जातो. खोली भाड्याने देताना, शाळेत पाकीट हरवले की पहिली झडती घेताना, गावाबाहेर पाल पडले की ग्रामपंचायतीत चर्चा करताना. शिकून शहरात आलेला मुलगा आडनाव तेच ठेवतो आणि जात सांगणे टाळतो. आडनाव ‘मोठ्या’ समाजाचे असल्याने ते जमूनही जाते. मग त्या समाजातला शिकलेला माणूस लोकांना दिसतच नाही, दिसतो तो फक्त प्रेसनोटीतल्या फोटोतला. माध्यमांनी दिलेली ओळख अशी स्वतःलाच खरी ठरवत जाते.

ती जीवही घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरत आलेले भटके होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अफवेच्या वेगाला त्याने आळा बसला असेल. पण अनोळखी वेशातला फिरस्ता दिसताच ‘टोळी’ हा शब्द डोक्यात का येतो, त्याचे उत्तर फोनमध्ये सापडणार नाही. तो शब्द आणि तो चेहरा यांची जोडी फोन येण्याच्या कितीतरी आधी छापील मजकुराने लावून ठेवली होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जात लिहायचीच नाही असे ठरवले, तर जातीवरून होणारे अत्याचारही झाकले जातील. हा धोका खरा आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांतून जात बाजूला पडली, प्रकरण अनैतिक संबंधांच्या अंगाने रंगवले गेले. सत्यशोधन अहवाल आणि नागपूर-अमरावतीकडची आंदोलने यांनंतरच राज्याला त्याचे खरे स्वरूप कळू लागले. म्हणजे आपल्या वृत्तपत्रांनी जात जिथे सांगायची तिथे झाकली आणि जिथे गरज नव्हती तिथे सांगितली. दोन्ही वेळा फायदा एकाच बाजूचा झाला. त्यामुळे सरसकट बंदी हा उपाय नाही. जात हे गुन्ह्याचे कारण असेल, तर ती लिहिलीच पाहिजे, तीही पहिल्या परिच्छेदात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा, जातपंचायतीचा बहिष्कार, पाणवठ्यावरून किंवा मंदिरप्रवेशावरून झालेली मारहाण: इथे जात वगळणे म्हणजे बातमी खोटी करणे.

कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८च्या सुमारास कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध मोहीम उभारली, तेव्हा ही रेषा चांगली तपासली गेली. तिथे समाजाचे नाव टाळता येत नव्हते, कारण विषय जातपंचायतीचा होता आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा राज्य कायदा नुकताच लागू झाला होता. प्रश्न होता क्रियापदाचा आणि कर्त्याचा. ‘कंजारभाट समाजात आजही अघोरी प्रथा’ हा एक मथळा. ‘कौमार्य चाचणीविरुद्ध कंजारभाट तरुणांचा लढा’ हा दुसरा. माहिती तीच, जातीचे नावही दोन्हीकडे. पहिल्यात समाज कलंक म्हणून येतो, दुसऱ्यात कर्ता म्हणून.

‘दलित’ या शब्दाबाबतही हाच प्रश्न उभा राहिला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये खासगी वाहिन्यांना हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याची सूचना केली. चळवळीतल्या अनेकांनी तिला विरोध केला, आणि तो योग्य होता. ‘दलित’ हा शब्द त्या समाजाने स्वतः उचललेला, अभिमानाने मिरवलेला. ‘पारधी टोळी’ हा शब्दप्रयोग कुणी स्वतःसाठी निवडलेला नाही. समूहाने स्वतःला दिलेले नाव आणि ठाण्यातून आलेले नाव यांना एकच नियम लावता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले ते याच जाणिवेने. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेले वाचत राहण्याऐवजी आपण लिहायचे, एवढी साधी आणि एवढी अवघड गोष्ट होती ती.

वृत्तपत्राच्या कार्यालयात आज काय करता येईल, ते सांगतो. बातमीतला जातीचा शब्द काढून वाक्य पुन्हा वाचावे. गुन्हा समजायला काही कमी पडत नसेल, तर तो शब्द काढून टाकावा. पत्त्यात गाव आणि तालुका पुरे. वस्तीचे नाव नको. ‘टोळी’ वापरायची तर पोलिसांनी लावलेल्या कलमाला ती शोभते का, हे पाहावे. एका घरातले तिघे भाऊ म्हणजे टोळी नव्हे. ‘सराईत’ऐवजी ‘यापूर्वी इतके गुन्हे दाखल, त्यांपैकी इतक्यांत शिक्षा’ असे लिहावे. शिक्षेचा आकडा प्रेसनोटीत नसतो, तो मुद्दाम विचारावा लागतो, आणि बरेचदा तो विचारल्यावरच बातमीचा सूर उतरतो. खोट्या पोलिसाला ‘तोतया’ म्हणता येते. तीन अक्षरेच आहेत, मथळा बिघडत नाही. फोनवरून फसवणाऱ्याला ‘ठक’ किंवा ‘सायबर चोर’ म्हणावे. आणि हे सर्व रात्रपाळीच्या स्मरणशक्तीवर सोडू नये. विमुक्त जातींची नावे बातमी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवावीत. गुन्हेवृत्तात त्यांतला शब्द आला की पान सोडण्याआधी ज्येष्ठाची संमती लागेल, अशी सोय बसवायला फार खर्च येत नाही.

त्याहून कष्टाचे काम पाठपुराव्याचे. अटकेच्या प्रत्येक मोठ्या बातमीची नोंद एका वहीत हवी: ठाणे, गुन्हा क्रमांक, अटकेची तारीख. कोठडीतल्या आरोपीवर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्या दोन तारखांना ठाण्यात एक फोन करावा. माणसे सुटली, तर अटकेची बातमी ज्या पानावर आणि जेवढी आली होती, त्याच पानावर तेवढीच सुटकेची यावी. संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीच्या डोक्यावर निकालाची ओळ घालावी, कारण नोकरी देणारा आज कात्रणे चाळत नाही, नाव टाइप करून शोधतो.

हे शक्य नाही असे कुणी म्हणू नये. बालन्याय कायद्याने मुलांची ओळख उघड करण्यावर बंदी घातली आणि मराठी वर्तमानपत्रे ‘बालगुन्हेगार’ सोडून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहायला लागली. इतका लांब आणि अवघड शब्द; तरी तो मथळ्यात बसला आणि वाचकांना कळला. कारण ओळख उघड केल्यास शिक्षा होती. विमुक्तांच्या बाबतीत शिक्षा नाही, एवढाच फरक आहे.

पत्रकारितेच्या हातून उलटे कामही होते, हेही नोंदवायला हवे. तुरुंगातल्या जातिभेदावर सुकन्या शांता या पत्रकाराने शोधवृत्त लिहिले आणि पुढे त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने जातीवरून कामे वाटणाऱ्या तुरुंग नियमावलीतल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, विमुक्तांना जन्मावरून सराईत समजणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. तुरुंगाच्या वहीतून जो रकाना गेला, तो बातमीत कशासाठी ठेवायचा?

संपादक ऐकत नसतील, तर वाचकाच्या हातात एक मार्ग आहे. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत व्यक्तीची किंवा वर्गाची जात सांगणे सर्वसाधारणपणे टाळावे, विशेषतः त्यातून त्या जातीला कमीपणा येत असेल तेव्हा, असे लिहिलेले आहे. आधी संपादकांना पत्र लिहावे: बातमीची तारीख, आवृत्ती, पान, आक्षेपार्ह शब्द आणि तो का नको ते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. सोबत मूळ कात्रण, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि बातमीचा इंग्रजी अनुवाद जोडावा. शुल्क नाही. परिषद दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते किंवा ठपका ठेवू शकते, आणि वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तरीही पत्र लिहावे. ‘पारधी टोळी’वर आक्षेप घेणारी आठ-दहा पत्रे एका महिन्यात एका आवृत्तीच्या कार्यालयात पोचली, तर पुढच्या प्रेसनोटीच्या वेळी उपसंपादकाचा हात त्या शब्दापाशी थांबेल.